निकॉन ३५ एमएम एफ/१.८: पावसाळ्यापासून हळदीच्या सौद्यांपर्यंत

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर निकॉनची ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स लेन्स सेकंड हँड घेतली, आठ हजारांच्या आत. तेव्हापासून माझ्या डी५६०० कॅमेऱ्यावरून ती क्वचितच उतरली आहे. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ झूम, सिलिका जेलच्या डब्यात असते; ती कधी बाहेर निघते ते पुढे सांगतो. ३५ तशी जुनी लेन्स, २००९ सालची, त्यामुळे तिच्यावर वाचायला ढीगभर सापडतं. पण बरंचसं लिखाण खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यातलं असतं. त्यात घरची मांजर, कुंडीतला जास्वंद आणि मागे धूसर झालेले दिवे, संपलं. नवलाई ओसरल्यावर काय उरतं, ते लिहावं म्हणून हा प्रपंच.

आधी आकाराचं. वजन २०० ग्रॅम, लांबी पाच सेंटीमीटरच्या जरा वर. आता गंमत अशी की १८-५५ ची एएफ-पी व्हीआर (हाताचा कंप सावरणारी) किट लेन्स २०५ ग्रॅमची आहे. पाच ग्रॅमचा फरक कुणाच्या खांद्याला कळतो? त्यामुळे ‘प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावली की कॅमेरा हलका होतो’ हे या जोडीपुरतं तरी खरं नाही. पण किटचं बटण दाबून आधी नळी बाहेर ओढायची, मग झूम फिरवत बसायचं, तोवर समोरचा माणूस सावध होऊन केस सारखे करायला लागलेला असतो. ३५ ला असलं काही नाही. कॅमेरा चालू केला की फोटो काढायचा. बॅटरी आणि कार्ड धरून बॉडी ४६५ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून पावणेसातशे ग्रॅमच्या आत. सांगली-मिरज रोजच्या ये-जा करताना सॅकमध्ये जेवणाच्या डब्याशेजारी कॅमेरा बसतो, आणि बसतो म्हणून सोबत येतो. माझ्या लेखी या लेन्सचा सगळ्यात मोठा गुण हाच. मागचा धूसरपणा वगैरे नंतर.

‘पहिली प्राइम घेतोयस तर पन्नासच घे’ हा सल्ला मलाही मिळाला होता. सल्ला फिल्मच्या काळातला आहे आणि तेव्हा तो बरोबरच होता. त्या काळी एसएलआर (आरशातून बघायच्या कॅमेऱ्याच्या) बॉडीसोबत बहुतेक वेळा ५० एमएमच यायची. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फ्रेमचा कर्ण साधारण ४३ मिलिमीटर, त्याच्या आसपासची लेन्स म्हणजे ‘नॉर्मल’. माझ्या कॅमेऱ्यातला डीएक्स सेन्सर लहान, त्याचा कर्ण २८ मिलिमीटरच्या घरात. तिथे ५० लावली की ती ७५ सारखी वागते (दीडने गुणायचं). पोर्ट्रेटला झकास, पण आमच्यासारख्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत आईचा फोटो काढायचा तर पाठ भिंतीला टेकते आणि फ्रेममध्ये चेहऱ्यापलीकडे काही मावत नाही. मला चेहऱ्यासोबत मागची मांडणी, कॅलेंडर, खिडकीही हवी असते. ३५ इथे साडेबावन्नसारखी वागते. कॅननवाल्यांना हाच हिशोब १.६ ने करावा लागतो. त्यांची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ८० होते. त्यांच्याकडे २४ एमएम एफ/२.८ नावाची १२५ ग्रॅमची चपटी लेन्स आहे, ती ३८ सारखी पडते, आणि मी कॅननवर असतो तर डोळे झाकून तीच घेतली असती.

मग ५० इतकी स्वस्त का असते? एसएलआरमध्ये लेन्सच्या बुडाशी आरसा हलायला जागा ठेवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये माउंटपासून (लेन्स अडकते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर. पन्नासला ते सहज जमतं, त्यामुळे साधी, जवळजवळ सममित रचना पुरते. तिचा मूळ धागा झाइसमध्ये पॉल रुडॉल्फने १८९६ साली केलेल्या प्लानर लेन्सपर्यंत मागे जातो. फोकल लेंग्थ (एमएमचा आकडा) त्याहून कमी झाली की काचा वाढतात. माझ्या ३५ मध्ये आठ आहेत, सहा गटांत. तरी ती परवडते, कारण तिला फक्त लहान सेन्सरपुरता प्रकाशाचा गोल टाकायचा असतो. शिवाय झूमसारखं दहा ठिकाणी समाधान करायचं नसतं. एकच काम, ते नीट.

आता ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले ते.

मिरजेत सतारमेकर गल्लीत अधूनमधून जाणं होतं. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण कारखाने होते तसेच आहेत. अरुंद खोली, वर टांगलेले भोपळे, दारातून येईल तेवढा उजेड आणि आत एखादी ट्यूबलाइट. किट लेन्स ३५ ला साधारण एफ/४.५ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). एफ/१.८ ला त्याच्या सहापट प्रकाश आत येतो. कागदावर हा आकडा कोरडा वाटतो. तिथे त्याचा अर्थ असा, की किटवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला नेऊन जो दाणेदार फोटो मिळायचा, तो इथे १००० च्या आसपास मिळतो, आणि कारागिराच्या बंडीचा पांढरा रंग पांढराच राहतो.

एक काका तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. घोडीचा माथा कानशीने हलक्या हाताने घासायचा, तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा तार उतरवून घासायचं. तार घोडीवर कुठे आणि किती टेकते यावर तो भरलेला, गुंजणारा सूर ठरतो. मी आत डोकावलो तर मान वर न करता म्हणाले, “काढा फोटो, फ्लॅश तेवढा मारू नका. जवारीवर हात आहे.” फ्लॅश लागणारच नव्हता. आधी एफ/१.८ ला काढले. एक मीटरवरून या छिद्राला जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग नीट फोकसमध्ये येतो. कानस लख्ख, पण ती धरणारा हात मऊ पडलेला आणि काकांचा चेहरा तर पार विरघळलेला. सुंदर दिसतं, पण माणूस काय करतोय ते कळत नाही. एफ/२.८ ला कानशीवर साठलेली बारीक भुकटी, अंगठ्याचं घासून गुळगुळीत झालेलं नख आणि घोडीखालच्या लाकडाच्या रेषा, तिन्ही आलं. चेहरा थोडा मऊ राहिला, पण कान कुठे लावलाय ते दिसतं. तेव्हापासून माझी ही लेन्स बहुतेक वेळा एफ/२.८ ते एफ/४ वरच असते. एफ/१.८ आहे हा आधार, रोजचा मुक्काम नव्हे. या लेन्सची धारही तिथेच सगळ्यात चांगली आहे. पूर्ण उघडी असताना मध्यभाग चांगला, कोपरे जरा ढिले. एफ/२.८ ला सावरतात आणि एफ/४ ला तक्रारीला जागा राहत नाही.

नाटकाच्या तालमींचाही असाच अनुभव. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे नाटक उभं केलं त्या सांगलीत हौशी संस्थांची वानवा नाही, आणि ओळखीतल्यांच्या तालमीला कॅमेरा घेऊन बसलं तर कुणी उठवत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. लेन्स भरपूर प्रकाश देतेय म्हणून हावरटपणे शटर १/५०० वर नेलं, तर एका फोटोत चेहरा पिवळट, पुढच्यात हिरवट, तर कधी आडवा पट्टा. दोष लेन्सचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की रंग एकसारखे येतात. हललेला हात थोडा पुसट येईल, येऊ दे. तालमीत ते शोभतं.

हळदीचे सौदे मार्केट यार्डात बघितले नसतील तर सांगलीकर म्हणवून घेऊ नये, असं माझं मत आहे (आमच्या घरच्यांना हे मान्य नाही). ढिगाभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, कुणी हळकुंड मोडून आतला रंग बघतोय, बोली वर चढतेय, आणि सगळ्या हवेत पिवळी धूळ. गर्दीत मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे ३५ पुढे घुसायला लावते. हाताच्या अंतरावर गेलं की लोक आधी बघतात, मग विसरतात. लांबून झूमने टिपलेल्या फोटोत जी चोरटी नजर असते ती इथे येत नाही. धुळीचं म्हणाल तर दोन गोष्टी बऱ्या आहेत. माउंटवर रबरी पट्टी आहे, आणि फोकस होताना पुढची नळी बाहेर येत नाही, त्यामुळे झूमसारखी हवा आत-बाहेर ओढली जात नाही. म्हणून तिला धूळरोधक समजू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. हळदीच्या कणांसकट काच पुसणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्यासारखं आहे.

आता उणिवा. उजेडाविरुद्ध काढलेल्या फोटोत झाडाच्या फांद्या, तारा, स्टीलची भांडी यांच्या कडेला जांभळी किनार येते. उघड्या अपर्चरवर (छिद्रावर) जास्त, एफ/४ ला जवळजवळ जाते. उरलेली सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीने निघते. सरळ रेषा किंचित फुगतात, दाराच्या चौकटीत दिसतं. मागे पानांचा गचपण असेल तर धूसरपणा गुळगुळीत न राहता खरखरीत होतो. फोकस अचूक असला तरी वेग बेताचा, धावणारी पोरं टिपायची तर दोन-चार फोटो वाया जाणार हे धरून चाला. अगदी जवळचं कामही हिचं नाही. ३० सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही, त्यामुळे भडंगाची डिश मस्त येते, पण अंगठीचा खडा नाही. त्याबाबतीत ५५ ला ताणलेली किट लेन्स पुढे आहे.

किट डब्यातून निघते ती आणखी दोन कामांना. गणपती मंदिराचं आवार एका फ्रेममध्ये घ्यायचं तर १८ शिवाय इलाज नाही. ३५ घेऊन मागे मागे जात रस्त्यावर याल. आणि संध्याकाळी आयर्विन पूल. १९२९ सालचा तो दगडी पूल काही हलत नाही, त्यामुळे व्हीआर असलेली किट लेन्स हातात धरून १/८ ला सुद्धा स्वच्छ फोटो देते. ३५ ला व्हीआर नाही. समोरचं हलत असेल तर मोठं छिद्र कामाचं, स्थिर असेल तर व्हीआर. हा फरक दुकानदार क्वचितच सांगतात.

कुणी घेऊ नये? लग्नाच्या ऑर्डरी घेता आणि बॉडी एकच आहे, तर झूमच बरी. स्टेजवर गर्दी असताना पाय झूमचं काम करतील ही अपेक्षा चुकीची. पुढेमागे फुल फ्रेमवर (३६ बाय २४ च्या मोठ्या सेन्सरवर) जायचा विचार पक्का असेल तरी ही नको, ती लहान सेन्सरसाठी आहे. निकॉनच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड५० वाल्यांनीही ॲडॅप्टरच्या भानगडीत पडू नये. निकॉनची २४ एमएम एफ/१.७ आहे, २०२३ ची, १३५ ग्रॅमची, ती बघावी.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. बाजारात ५० एमएम एफ/१.८डी फार स्वस्तात फिरते आणि ‘निकॉनचीच आहे, बसते’ असं सांगून गळ्यात मारली जाते. बसते खरी, पण तिच्यात फोकसची मोटर नाही आणि डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीतही नाही, त्यामुळे आयुष्यभर हाताने फोकस करत बसाल. नावात एएफ-एस (लेन्समध्येच मोटर) आहे ना, ते बघून घ्या. दुसरं, कृष्णाकाठच्या हवेत काचेला बुरशी लवकर धरते. अपर्चर उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही पाडून मिळत असली तरी परत द्या. धुळीचे दोन-चार कण असतील तर हरकत नाही, माझ्या लेन्समध्येही आहेत आणि फोटोत आजवर कधी दिसलेले नाहीत.