आठ बोटांचा पंजा आणि पिसे हरवलेली शिळा : जीवाश्म प्रतिकृतींच्या एका संचाविषयी

कोल्हापुरात राजारामपुरीतील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी जूनमध्ये ‘पृष्ठवंशीयांची उत्क्रांती’ या नावाचा जीवाश्म प्रतिकृतींचा संच ४,२०० रुपयांना विकत घेतला. हायस्कुलात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर कॉलनीतील मुलांचा रविवारचा वर्ग घेतो, त्यासाठी तो हवा होता. खोक्यात प्लास्टरच्या आठ प्रतिकृती, एक भिंतीवरचा तक्ता आणि सोळा पानांची मराठी पुस्तिका आहे. चार महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की यातील हाडे बहुतेक खरे बोलतात, पुस्तिका अधूनमधून खोटे बोलते आणि तक्ता तर पुरताच दिशाभूल करतो.

सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे अकॅन्थोस्टेगा या अगदी सुरुवातीच्या चार पायांच्या प्राण्याचा पुढचा पंजा. पहिल्याच रविवारी सहावीतल्या एका मुलीने बोटे मोजली आणि “सर, आठ आहेत, बनवताना चुकलंय” असे जाहीर केले. पुस्तिकेतही ‘पाच बोटांचा पहिला पाय’ असेच छापलेले असल्याने वर्ग तिच्या बाजूने गेला. प्रत्यक्षात प्रतिकृती बरोबर आहे आणि पुस्तिका चूक. ग्रीनलंडमध्ये सापडलेल्या सुमारे ३६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती. जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांच्या १९८७ च्या मोहिमेत मिळालेल्या सांगाड्यांवरून हेही दिसले की त्याला आतले कल्ले होते आणि त्याचे मनगट अंगाचा भार पेलण्याजोगे नव्हते. म्हणजे बोटे आली ती जमिनीवर चालण्यासाठी नव्हे. ती पाण्यातच आली आणि चालण्याचे काम त्यांच्याकडे पुढे केव्हातरी आले. पाच हा आकडा नंतर स्थिरावला. एवढी मोठी गोष्ट मुलांना तळहातावर धरता येते, याचे श्रेय साचा करणाऱ्याला दिलेच पाहिजे.

टिक्टालिक या मासा आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधल्या प्राण्याचे डोके त्याच्या खालोखाल चांगले आहे. चपटे कपाळ, माथ्यावर आलेले डोळे, आणि मागच्या कडेला कल्ल्यांवरच्या झाकणाची हाडे नसणे, हे तिन्ही विशेष स्पष्ट उठले आहेत. माशाचे डोके खांद्याच्या हाडांना जखडलेले असते. इथे ती जखडण सुटली आहे, म्हणजेच मान आली आहे. जीवाश्मतज्ज्ञ नील शुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योग्य वयाचे, नदीच्या गाळातून बनलेले खडक नकाशावर हेरून कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समेअर बेटावर शोध घेतला. काही वर्षांच्या खेपांनंतर २००४ मध्ये हा प्राणी सापडला आणि २००६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. असा प्राणी कोठे मिळावा याचा अंदाज आधी बांधून तो तेथेच मिळणे, ही हकिगत पुस्तिकेत दोन ओळींत उरकली आहे, हे मला खटकले.

तक्त्याविषयीचा माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. त्यावर मासा, टिक्टालिक, अकॅन्थोस्टेगा, बेडूक असे जिन्याच्या पायऱ्यांवर एकामागून एक उभे केले आहेत. टिक्टालिकचे वय सुमारे ३७.५ कोटी वर्षे आहे. पण पोलंडमधील झाखेल्मिये येथील खाणीत चार पायांच्या प्राण्यांचे म्हणून २०१० मध्ये वर्णिलेले ठसे त्याच्याही आधीचे, सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्या ठशांबद्दल वाद आहेत, तरी नातवाच्या आधी आजोबा जन्मलाच पाहिजे असा हिशेब जीवाश्मांना लावता येत नाही, एवढे त्यावरून मुलांना समजते. टिक्टालिक हा कुणाचा खापरपणजोबा असेलच असे नाही. तो भाऊबंदांपैकी एक आहे आणि त्या घराण्याचा चेहरामोहरा दाखवतो. मी तक्ता गुंडाळून माळ्यावर टाकला आहे. त्याच्या कोपऱ्यात ट्रायलोबाइट हा कवचधारी समुद्री प्राणीही छापला आहे. त्याला पाठीचा कणाच नाही, मग तो या तक्त्यावर कसा आला हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

मॉर्गन्यूकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या जवळच्या आद्य नातेवाइकाचा जबडा माझ्या खोक्यात दोन तुकडे होऊन आला. दुकानदाराने कटकट न करता चार दिवसांत बदलून दिला. मात्र प्रतिकृती मूळ आकाराच्या कितीपट आहे हे कोठेही लिहिलेले नाही. या प्राण्याची कवटी जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीची, आणि संचातला जबडा वीतभर. साहजिकच मुलांना तो वासराएवढा वाटला. शिकवायला मात्र याच्याइतकी श्रीमंत वस्तू नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा, आपला एकाच हाडाचा. मग उरलेली हाडे गेली कुठे? जबड्याच्या सांध्याची दोन हाडे लहान होत होत कानात गेली आणि तिथे हातोडी व ऐरण झाली. कानातले तिसरे हाड, रिकीब, तर त्याहून जुनी, माशांमध्ये जबड्याला आधार देणारी. गर्भाच्या वाढीवरून जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल रायखर्ट यांनी हे १८३७ मध्येच ओळखले होते. मॉर्गन्यूकोडॉनमध्ये जुना आणि नवा असे दोन्ही सांधे शेजारी शेजारी काम करताना सापडतात, आणि बोटाने चाचपून ते दाखवता येतात. वर्गातली मुले त्या दिवशी बराच वेळ कानापुढे बोट ठेवून तोंड उघडझाप करीत बसली होती.

निराशा केली ती आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याच्या शिळेने. दात, पंखावरचे नख्या असलेले तीन बोटांचे पंजे आणि लांब हाडांची शेपटी हे सारे दिसते, पण पिसांच्या ठशांच्या जागी नुसता गुळगुळीतपणा आहे. गंगावेशीत गणपती करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराला मी ती दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला, उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, “सर, साचा म्हातारा झालाय बघा. लई येळा वापरलाय. बारीक काम पयलं जातंय, जाड तेवढं ऱ्हातंय.” ही तक्रार केवळ सुबकपणाची नाही. जर्मनीतील आइखश्टेट येथे १९५१ मध्ये सापडलेल्या आर्किऑप्टेरिक्सच्या नमुन्यावर पिसांचे ठसे इतके पुसट होते की तो वीसेक वर्षे कॉम्प्सोग्नॅथस या लहान डायनोसॉरचा म्हणून पडून राहिला. पिसे दिसली नाहीत तर या पक्ष्याचा सांगाडा डायनोसॉरचा वाटतो, हीच तर या जीवाश्माची साक्ष आहे. झिजलेल्या साच्याने ती अर्धीच दिली.

पाकिसेटस या चार पायांच्या आद्य देवमाशाच्या घोट्याचे हाड लहान आहे, सहज हरवेल असे. पण त्याच्यामुळे माझा एक रविवार सत्कारणी लागला. मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या पायाचे तेच हाड आणले, उकळून साफ केले आणि दोन्ही शेजारी ठेवली. बकऱ्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, पाकिसेटसलाही तशीच. अशी दुहेरी कप्पी सम खुरांच्या प्राण्यांची खूण आहे, आणि जुन्या देवमाशांचे घोटे २००१ मध्ये हाती आल्यावर देवमासे गायी, शेळ्या आणि पाणघोड्याच्या गोतावळ्यात बसले. रश्श्यातली नळी चोखणाऱ्या कोल्हापूरकर मुलांना हे समजावायला वेळ लागला नाही. शार्कचा दात आणि घोड्याचे खूर ठीक आहेत, त्यांच्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही.

उणीव म्हणावी अशी मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडचे काहीच नाही. मुलांनी पन्हाळ्यावर हाडे मिळतील का असे विचारले. तिथला काळा दगड लाव्हाचा, त्यात हाडे टिकत नाहीत. पण त्या लाव्हाच्या खालच्या आणि दोन थरांमधल्या गाळात ती मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा आयसिसॉरस हा डायनोसॉर महाराष्ट्रातलाच आहे, आणि जम्मू भागातील कालाकोटच्या खडकांतला इंडोहायस हा लहान खुरी प्राणी तर देवमाशांच्या आप्तांपैकी एक म्हणून २००७ मध्ये जगभर गाजला. त्यांच्या एखाद्या दाताची प्रतिकृती असती तरी चालले असते.

घ्यायचा असेल तर दुकानातच खोके उघडायला लावा, शिळेवरून अंगठा फिरवून पाहा आणि पुस्तिकेतले बोटांचे पान पेन्सिलीने दुरुस्त करा. माझ्या शिळेवर त्या कारागिराने गेरूचे पातळ पाणी फिरवून कोरड्या फडक्याने पुसून दिले. डाव्या पंखाच्या टोकाशी चार-पाच रेषा उठल्या आहेत, त्या दुपारच्या तिरक्या उन्हात दिसतात.