फर्निचरचे 16,000 नकाशे विकणाऱ्यांपासून सावध

'फर्निचरचे 16,000 नकाशे, मापांसकट, कटिंग लिस्टसकट, फक्त 499 रुपयांत.' हिरव्या भिंतीसमोर ठेवलेला एक देखणा पलंग आणि त्याखाली उलटं धावणारं घड्याळ, अशी ती जाहिरात असते. माझ्या ओळखीतल्या ज्यांना ज्यांना घरी लाकूडकाम करायची हौस आहे, त्या सगळ्यांच्या मोबाइलवर ती येतेय. कृपा करून घेऊ नका. 499 रुपये गेले तर माणूस चार दिवसांनी विसरतो. माझे पुढे 18,000 रुपये गेले, आणि त्याहून जिव्हारी लागलं ते म्हणजे माहेरच्या घराचं जुनं सागवान वाया गेलं. तसं लाकूड आता कुठल्याही वखारीत मागून मिळायचं नाही.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा मटी आणि किंदळ या लाकडांचे वासे भावांनी नव्या बांधकामासाठी ठेवून घेतले. माळ्याच्या सागवानी फळ्या मात्र बाबांनी माझ्या नावाने बाजूला काढल्या, कारण हे वेड घरात मला एकटीलाच. आम्ही राहतो फोंड्याजवळ. शेजारी एक वयस्क मेस्त, म्हणजे सुतार, आहेत, त्यांच्याकडे बसून मी रंधा आणि पटाशी धरायला शिकले. चवथीचा चौरंग, देवखोलीतलं फडताळ, स्वयंपाकघरातली स्टुलं, हे सगळं माझ्या हातचं. आता मुलीसाठी पलंग करायचा होता. आधीचा विकतचा पलंग पार्टिकल बोर्डाचा. आपल्याकडच्या पावसात त्याच्या कडा फुगून भाकरीसारख्या झाल्या होत्या. पलंगासारखं मोठं काम अंदाजाने करायचं नाही, नीट नकाशा हातात घेऊनच करायचं, असं मी ठरवलं होतं. बरोबर तेव्हाच ही जाहिरात समोर आली.

पैसे भरायच्या पानापासूनच लबाडी सुरू होते. 499 भरायला गेलं की 'आजीवन मदत' म्हणून 299 रुपयांच्या चौकटीत आधीच टिक केलेली असते. ती काढली की 'प्रीमियम नकाशे' 1,499 रुपयांना. ते नको म्हटलं तर पुन्हा तेच 999 ला. घड्याळ शून्यावर आलं आणि पान पुन्हा उघडलं, की वेळ पहिल्यापासून मोजायला लागते. हा नुसता चावटपणा नाही, नियमाविरुद्ध आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्रीतल्या अशा 13 क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. खोटी घाई करणं आणि ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू टाकणं, दोन्ही त्या यादीत आहेत.

पैसे भरल्यावर येते एक भलीमोठी झिप फाइल. उघडली की फोल्डरात फोल्डर. खुर्च्या, कपाटं, कुत्र्याची घरं, पक्ष्यांची घरटी, लाकडी होड्या. ढीग बघून पहिल्यांदा माणूस हरखतो. मग एकेक पान मोठं करून बघितलं की खरा प्रकार कळतो. माझ्या पलंगाच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढरा डाग होता, खोडरबर घासल्यासारखा. त्याच्या कडेला कुणाच्या तरी नावाचं अर्धं अक्षर शिल्लक होतं. खाली पान क्रमांक 47, आणि इंग्रजीत 'पुढचा भाग पान 62 वर'. पान 62 अख्ख्या झिपमध्ये कुठेच नाही. दुसऱ्या एका कपाटाची मापं मिलिमीटरमध्ये आणि मजकूर जर्मन भाषेत. म्हणजे जुन्या मासिकांची पानं, लोकांनी फुकट दिलेले नकाशे, कुणाच्या वहीतली रेखाटनं, जे सापडेल ते स्कॅन करून, मूळ माणसाचं नाव पुसून एकत्र कोंबलंय. 16,000 हा आकडाच मुळात तपासून बघा. एखाद्या कसबी कारागिराने दर आठवड्याला एक नवा नकाशा काढला, तो करून पाहिला आणि मापं लिहिली, तरी एवढे नकाशे व्हायला तीनशे वर्षं लागतील. ज्याने काम केलंय तो इतके नकाशे विकूच शकत नाही.

आता पलंगाचं सांगते, कारण नुकसान नेमकं कसं होतं ते मापांशिवाय कळणार नाही.

अमेरिकेत क्वीन आकाराची गादी 80 बाय 60 इंचांची असते. आपल्याकडे त्याच नावाची गादी बहुतेक ठिकाणी 78 बाय 60 मिळते, माझ्याकडचीही तीच. नकाशासोबतच्या कटिंग लिस्टमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या यादीत, बाजूच्या लांब पट्ट्यांचं माप 80 इंच दिलं होतं. गादी 78 ची, म्हणजे दोन इंच सैल, चालण्यासारखं. चित्रात जोड दाखवला होता खोबण आणि कुसवाचा, म्हणजे पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून दीड-दीड इंचाचं कुसू काढायचं आणि ते खांबाच्या खोबणीत बसवायचं. चित्राबरहुकूम कुसवं काढली. दोन्ही टोकांचे मिळून तीन इंच खांबांच्या पोटात गेले. दोन खांबांमध्ये उरले 77 इंच, आणि गादी 78 ची. आडव्या पट्ट्यांचं तसंच, 60 ची 57 झाली.

मेस्त आले, त्यांनी चष्मा वर सारून मोबाइलवरचं चित्र आणि यादी आळीपाळीने पाहिली. म्हणाले, "बाय, हातूंत कुसवाचें माप खंय आसा?" यात कुसवाचं माप कुठे आहे? नव्हतंच. ती यादी त्या चित्रातल्या पलंगाची नव्हतीच. ती होती दुसऱ्याच कुठल्या तरी पलंगाची, जो लोखंडी आकड्यांनी जोडतात आणि ज्याच्या पट्टीचं टोक खांबात जातच नाही. विकणाऱ्याने एका मासिकातलं चित्र घेतलं, दुसरीकडची यादी घेतली आणि दोन्ही एका पानावर डकवली. ज्याने आयुष्यात एक फळी कापलेली नाही, त्याचंच हे काम. कापलेलं लाकूड वाढवता येत नाही. तेवढ्या लांबीच्या फळ्या आता माझ्याकडे उरलेल्या नाहीत.

याच झिपमधल्या इतर नकाशांवर मी नंतर बरेच दिवस बसले, कारण मला नीट समजून घ्यायचं होतं. त्यातून आणखी दोन गोष्टी सापडल्या, ज्या परदेशी नकाशा वापरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यायला हव्यात, मग तो नकाशा अस्सल का असेना.

पहिली, लाकडाच्या नावाची. अमेरिकन नकाशात 'टू बाय फोर' लिहिलेलं असतं, पण रंधून विकायला येणारी ती पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. 'वन बाय सिक्स' म्हणजे पाऊण बाय साडेपाच. तिकडच्या सुताराला हे पाठ असतं, म्हणून नकाशात ते कुणी वेगळं लिहीत नाही. आपण फर्मागुडीला किंवा म्हापशाला लाकडाच्या गिरणीत जाऊन दोन बाय चार सांगितलं की ते दोन बाय चारच कापून देतात, आणि पुढची सगळी मापं चुकत जातात. प्लायवूडचंही तसंच, नावाची पाऊण इंची शीट तिकडेही पुरी पाऊण इंच भरत नाही, आणि पुरा पाऊण इंच व आपली 18 मिलिमीटरची शीट यांत एका मिलिमीटरहून जास्त फरक आहे. पाऊण इंची खाच पाडली की आपला प्लाय आत खुळखुळतो.

दुसरी गोष्ट हवेची, आणि गोव्यात ही सगळ्यात महत्त्वाची. लाकूड हवेतलं पाणी शोषतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी तेही हलतंच. थंड देशांतली घरं आतून तापवलेली, कोरडी. तिथला नकाशा टेबलाची रुंद फळी खालच्या चौकटीला सरळ स्क्रूने आवळायला सांगत असेल, तर तिथेही ते वाईटच, पण इथे आषाढात नव्वद टक्क्यांच्या आर्द्रतेत फळी फुगणार आणि कोरड्या दिवसांत आकसताना मधोमध तडकणार. आपले जुने सुतार फळी हलायला जागा ठेवत. भोक लांबट पाडत, चौकटीत मधली फळी सैल सोडत. त्या झिपमधले मी पाहिलेले बरेच टेबलांचे नकाशे फळी घट्ट चिकटवायलाच सांगतात.

आता पैशांचं. जाहिरातीत '60 दिवसांत पैसे परत' असं ठळक लिहिलेलं असतं. दिलेल्या पत्त्यावर ईमेल केला तर तो परत आला. मग मी जाहिरातीखाली लिहिलं की नकाशे चुकीचे आहेत, पैसे परत करा. त्याच दिवशी फोन आला. अस्खलित हिंदी, अतिशय नम्र आवाज, 'मॅडम, आपको तकलीफ हुई इसलिए माफी'. त्याला माझा ऑर्डर नंबर माहीत होता, भरलेली रक्कम माहीत होती, कोणत्या दिवशी भरली तेही माहीत होतं. म्हणून तो खऱ्या कंपनीचाच माणूस वाटतो, आणि माझ्या मते तो असतोही. नकाशे विकणारा आणि परताव्याचा फोन करणारा एकाच टोळीतले असल्याशिवाय ही माहिती इतक्या लवकर त्याच्याकडे कशी येणार?

त्याने परताव्याचा अर्ज भरून देण्यासाठी एक ॲप घ्यायला लावलं. अशा ॲपमधून आपल्या मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दिसते. मग म्हणाला, पैसे जमा व्हायला पिन टाका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. हे आपण सगळे ऐकून असतो, पण तो माणूस बोलत बोलत, एकेक बटण दाबायला सांगत, श्वास घ्यायला उसंत देत नाही. 18,000 रुपये दोन खेपांत गेले आणि फोन बंद झाला.

तासाभरात 1930 वर फोन लावला. हा केंद्राचा सायबर फसवणुकीचा नंबर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही हीच तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझी काही रक्कम गोठली आहे, हातात अजून आलेली नाही. बँकेलाही त्याच संध्याकाळी लेखी कळवलं. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेच्या अंगावर येतं, त्यामुळे तोंडी सांगून न थांबता पोच घ्या. नकाशांच्या फसवणुकीची तक्रार वेगळी, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 ला. दोन्हीकडे स्क्रीनशॉट मागतात. जाहिरात नंतर गायब होते, म्हणून पैसे भरलेलं पान, ईमेल, जाहिरात, फोन नंबर, सगळ्याचे फोटो आधी काढून ठेवा. ते ॲप काढून टाकायच्या आधी त्याचं नावही टिपून ठेवा, पोलीस विचारतात.

नकाशा विकत घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. चांगले नकाशे करणारे आहेत आणि त्यांना पैसे मिळायलाच हवेत. पण असा माणूस स्वतःच्या नावाने विकतो, त्याने तीच वस्तू करतानाचे फोटो असतात, आणि एखादा पूर्ण नकाशा तो आधी बघू देतो. तो नमुना घ्या आणि कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा. पट्टीची लांबी वजा दोन्ही कुसवं म्हणजे आतली जागा, ती गादीपेक्षा जास्त आहे का? कपाटाच्या आतल्या फळीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंची जाडी, ती बाहेरच्या मापाशी जुळते का? या दोनच बेरजा केल्या तरी चोरून जोडलेला नकाशा उघडा पडतो. आणि चांगलं लाकूड कापण्याआधी जवळपासच्या मेस्ताला दाखवा. आपल्याकडे फोंडा, डिचोली, काणकोण, कुठेही जा, असा एक तरी जुना माणूस सापडतो आणि चहाच्या कपावर तो जे सांगतो ते झिपमधल्या हजारो पानांत नसतं.

मुलीच्या पलंगाचा नवा नकाशा मेस्तांनी आणि मी मिळून वहीत काढलाय, फणसाच्या लाकडाचा, 78 च्या गादीला मोजून. ती जाहिरात मात्र बंद झालेली नाही. पान तक्रारीनंतर उडालं होतं, ते या आठवड्यात दुसऱ्या नावाने परत आलं. आता नकाशांचा आकडा 18,000 केलाय आणि किंमत 399. पलंग तोच, हिरवी भिंत तीच, घड्याळ तेच. दिसली तर त्या पानाची तक्रार करा, आणि खाली 'पैसे परत करा' असं लिहिणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला आधी फोन करून सांगा की आता तुला कस्टमर केअरचा फोन येईल, तो उचलू नकोस.