चर्चच्या स्वयंसेवकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप कम्युनिटी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातलं मध्यम आकाराचं मराठी चर्च. पगारी माणसं दोनच: पाळकसाहेब आणि कुलूप-किल्ली, झाडलोट बघणारे मामा. क्वायर (चर्चचा गायकवृंद), संडे स्कूल, तरुण संघ, महिला मंडळ, दारावर उभे राहणारे असे मिळून साठेक स्वयंसेवक. मी पंच कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे पाळकसाहेबांचा निरोप्या.

जूनपर्यंत सगळ्यांचा एकच ग्रुप होता. प्रॅक्टिसची वेळ टाकली की खाली वीस 'आमेन', तितकेच जोडलेले हात, मध्येच कुणाचा तरी वाढदिवस. मूळ निरोप शोधत बसायचं. मग ब्रॉडकास्ट लिस्ट करून पाहिली, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायची यादी. तीत 256 नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. तरुण संघातल्या नव्या पोरांकडे पाळकसाहेबांचा नंबर सेव्ह नव्हता, आणि हे त्यांना तोंडावर विचारणार कोण?

म्हणून कम्युनिटी, म्हणजे एका छत्राखाली अनेक ग्रुप. घोषणांच्या ग्रुपवर पाळकसाहेब आणि मी एवढेच लिहितो, खाली प्रत्येक कामाचा वेगळा ग्रुप. महिन्याची ड्यूटी पिन करून ठेवतो, ती 30 दिवस वर राहते. 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य जवळजवळ बंद झालं. निव्वळ एवढ्यासाठीसुद्धा मी हे कुणालाही सुचवेन. मतदानाची सोयही बरी, फक्त एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा आधीपासूनच चालू असते, ती आठवणीने बंद करा. आमच्याकडे तिघांनी 'येणार' आणि 'जमणार नाही' दोन्हीवर टिक केलं होतं.

आता डिसेंबरची गोष्ट. शनिवारी क्वायरची प्रॅक्टिस, त्यानंतर वडगाव शेरीत कॅरल फेरी, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी. पाळकसाहेबांनी सहाची वेळ टाकली, चूक लक्षात आली, लगेच मेसेज एडिट करून पाच केलं. 15 मिनिटांच्या आत एडिट करता येतं, पण ज्यांनी आधीच वाचलंय त्यांचा फोन पुन्हा वाजत नाही. पाचला मोजून सात जण आले, त्यात टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) एकही नाही. कीबोर्डवाल्या बाई तासभर हाताची घडी घालून बसल्या. सहाला बाकीचे हसत-खेळत आले तेव्हा बाईंची पर्स खांद्याला होती. पाळकसाहेब सगळ्यांना फोन दाखवत होते, "पण मी बदललंय की!" तेव्हापासून आमचा नियम: वेळ बदलली तर नवा मेसेज, सुरुवातीला 'बदल' हा शब्द.

दुसरी खोड नेतृत्वाची. ग्रुपमधला मेसेज कुणी वाचला हे पाठवणाऱ्याला दिसतं. पाळकसाहेबांना हे कळलं आणि ते दारातच "वाचलंत, उत्तर नाही दिलंत" म्हणू लागले. ऑफिसात दिवसभर हेच ऐकणारी माणसं रविवारी ते कशाला ऐकून घेतील? दोघांनी ग्रुप म्यूट केला. (मला तिसरं नावही माहीत आहे, सांगणार नाही.)

आणि मामा. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. जानेवारीत तरुण संघ साडेसहाला गेटबाहेर कुडकुडत उभा, कारण मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेब मामांबरोबर चहा घ्यायला बसू लागले, आठवड्याची चिठ्ठी हाताने लिहून द्यायला. तिसऱ्या गुरुवारी मामा सहज बोलून गेले की संडे स्कूलच्या एक ताई दोन महिने एकट्याच चाळीस खुर्च्या लावतायत आणि ईस्टरनंतर थांबायचं म्हणतायत. ताई प्रत्येक घोषणेखाली अंगठा देत होत्या. पाळकसाहेब त्याच रात्री त्यांच्या घरी जाऊन आले. आता खुर्च्यांना तरुण संघाची दोन पोरं असतात.

पाचपैकी साडेतीन तारे. निरोप खाली पोचवायला उत्तम, खालून वर काही येईल ही अपेक्षा ठेवू नका. आता पार्किंगवाल्यांचा वेगळा ग्रुप करा अशी मागणी आली आहे. त्यांना म्हटलं, गुरुवारी चहाला या.