विमानाचा टॅक्सी टाइम सांगणारं ॲप, घ्यावं का?
टॅक्सी टाइम म्हणजे धावपट्टी अन् थांबायची जागा यांच्यामधी विमान जमिनीवर चालतं तो वेळ. चिकलठाणा विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला जाताना हे ॲप लै कामाला येतं. बाकीची बरीच ॲपं विमान टेकलं की 'पोचलं' म्हणून मोकळी होतात, हे मात्र टेकल्याची वेळ वेगळी अन् जागेवर थांबल्याची वेळ वेगळी दाखवतं, मधल्या टॅक्सीला किती मिनिटं लागतील तो अंदाज पण देतं. आपल्या संभाजीनगरला धावपट्टी एकच, विमानं मोजकी, त्यामुळं अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो.

खरी परीक्षा मुंबईला. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून शक्यतो एका वेळी एकच चालवतात, मग निघताना पुढं रांग किती, वारा कुठून म्हणजे धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उड्डाणं चालू, आपलं विमान कोणत्या टर्मिनलला उभं, हे सगळं धरावं लागतं. ॲप नुसत्या जुन्या सरासरीवर चालतंय असं वाटतं. सकाळच्या गर्दीत १२ मिनिटं दाखवलं अन् विमान अर्धा तास रांगेत, स्क्रीनवरचा आकडा जागचा हलला नाही! रांग वाढली की आकडा वाढायला पाहिजे ना राव, पुढची फ्लाइट पकडायची असलेल्याचा जीव टांगणीला लागतो.

घ्यायला जाणाऱ्यांनी बिनधास्त टाका, ५ पैकी ४. मुंबईहून उडणाऱ्यांनी पैशाचं व्हर्जन सध्या घेऊ नका.