मीटर बसवावा की वाटून भरावं? आमच्या सोसायटीच्या पाण्याचा हिशेब

दुसऱ्या मजल्यावर आजी-आजोबा दोघंच. त्यांच्या बरोबर डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी सहा मुलं. टँकरच्या खर्चाचा वाटा दोन्ही घरांना सारखाच. मार्चच्या सभेत आजोबा उठले आणि म्हणाले, "आम्ही आंघोळ करतो, वर वॉटर पार्क चालतो, आणि तिकीट मात्र एकच." त्यानंतर जे झालं ते इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहिलंय. फ्लॅटवार मीटर बसवायचे का, याची चौकशी खजिनदार म्हणून माझ्या गळ्यात पडली. आमची सोसायटी पुण्यात उंड्रीला आहे, ६४ फ्लॅट. तुमच्याकडेही हाच वाद चालू असेल तर पुढचा हिशेब उपयोगी पडेल. आकडे आमचे आहेत, तिथे तुमचे घाला.

आधी एक घोळ मिटवू. पुण्यात पाण्याचा खर्च म्हणजे दोन वेगळे खर्च. पहिली महापालिकेची पाणीपट्टी. घरगुती मिळकतींना ती मिळकतकरातच लागते, आणि ती ठरते घराच्या वार्षिक करपात्र मूल्यावरून. तुम्ही दिवसाला दोन बादल्या वापरा नाहीतर दोनशे, त्या आकड्यात फरक पडत नाही. समान पाणीपुरवठा योजनेत शहरभर जे मीटर बसले, ते इमारतीच्या मुख्य नळजोडावर आहेत, फ्लॅटवर नाहीत. आणि घरगुती बिल मी हे लिहीत असताना तरी त्या मीटरवरून येत नाही. पिंपरी-चिंचवडला वापरानुसार टप्प्याटप्प्याने दर लागतो, तिथला अनुभव पुण्याला जसाच्या तसा लावू नका. आमच्या सभेत तिथल्याच, वाकडच्या जावयाचं बिल दाखवून एकाने अर्धा तास घेतला होता.

दुसरा खर्च टँकरचा. खरं भांडण याचंच असतं.

म्हणून कोथरूडला जुन्या इमारतीत राहणाऱ्या माझ्या मावशीला मी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, "तू यात पडूच नकोस." त्यांच्याकडे नळाचं पाणी पुरतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, एवढीच काय ती गैरसोय. वर्षाकाठी टँकर आलाच तर एखादा. तिथे मीटर बसवून एक रुपयाही वाचणार नाही, उलट बसवायचा खर्च अंगावर. उद्या महापालिकेने मीटरप्रमाणे बिल सुरू केलं तर तेव्हा बघता येईल.

इंग्लंडमध्ये राहणारी माझी भाची सांगत होती की तिथेही मीटर नसलेल्या जुन्या घरांचं पाण्याचं बिल घराच्या जुन्या करपात्र मूल्यावरच निघतं. म्हणजे आपण काही जगावेगळे नाही. फरक असा की तिथे मागितला तर मीटर सहसा फुकट बसवून मिळतो आणि नाही पटला तर साधारण दोन वर्षांच्या आत माघार घेता येते. घरात खोल्या जास्त आणि माणसं कमी असतील तर मीटर घ्यावा, असा तिथला ठोकताळा. आमच्या आजोबांना मी तो मुद्दाम सांगितला नाही. त्यांनी लगेच ठराव मांडला असता.

आता आमचा हिशेब. शहरी वापराचं सरकारी मोजमाप माणशी रोज १३५ लिटर. फ्लॅटमागे सरासरी साडेतीन माणसं धरली तर ६४ फ्लॅटना रोज ३०,००० लिटरच्या आसपास लागतं. उन्हाळ्यात नळाचं आणि बोअरचं मिळून १०,००० लिटर हाती येतं, उरलेल्यासाठी १०,००० लिटरचे दोन टँकर. आमचा दर टँकरला १,३०० रुपये. महिन्याला साठ टँकर म्हणजे ७८,००० रुपये, फ्लॅटमागे १,२१९. पावसाळ्यात बोअर भरतो आणि हाच आकडा चारशेवर उतरतो.

हेच ७८,००० रुपये वापराप्रमाणे वाटले तर? महिन्याला सगळ्यांचा वापर साधारण ९०७ घनमीटर (एक घनमीटर म्हणजे हजार लिटर), म्हणजे घनमीटरला ८६ रुपये. आजी-आजोबांचे ८ घनमीटर, सुमारे ७०० रुपये. सहा मुलांचे २४ घनमीटर, सुमारे २,१०० रुपये. चार माणसांचं घर जवळपास आहे तिथेच राहतं, फार तर दीड-पावणेदोनशे रुपये वर. म्हणजे मीटरमुळे बहुतेकांचं बिल फारसं हलत नाही. हलतं ते दोन टोकांचं. मतदानात हे ध्यानात ठेवा, कारण मधल्या चाळीस घरांना 'तुमचं बिल कमी होईल' असं सांगितलंत तर पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडाल.

मग सगळ्यांचा फायदा कशात? एकूण वापर कमी होण्यात. आणि इथे एक गंमत आहे जी मला स्वतःला कागदावर मांडेपर्यंत दिसली नव्हती. नळाचं आणि बोअरचं पाणी आहे तेवढंच येणार. म्हणजे वाचलेला प्रत्येक लिटर टँकरमधून वजा होतो. वापर १५ टक्के घटला (हा माझा अंदाज, हमी नव्हे) तर रोज साडेचार हजार लिटर, म्हणजे महिन्याला तेरा-चौदा टँकर कमी. वर्षाला फ्लॅटमागे ३,२०० रुपयांच्या वर.

मग मीटर कुठला? यांत्रिक मीटरचं कोटेशन आम्हाला जोडणीसकट एका नगाला १,९०० रुपये आलं. स्मार्ट मीटर ४,८०० रुपये, शिवाय ॲपसाठी फ्लॅटमागे महिना ६० रुपये. 'एका नगाला' या शब्दांवर बोट ठेवून थांबा. विक्रेत्याने सादरीकरणात दाखवलं 'फ्लॅटमागे एक मीटर'. मी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेलो आणि टाकीतून खाली उतरणारे पाइप मोजले. स्वयंपाकघराची लाइन वेगळी, दोन्ही बाथरूमच्या वेगळ्या. प्रत्येक फ्लॅटमध्ये पाणी तीन जागांतून शिरतं. म्हणजे तीन मीटर. यांत्रिक ५,७००, स्मार्ट १४,४००. वरच्या हिशेबाने यांत्रिकचे पैसे पावणेदोन वर्षांत वसूल, स्मार्टचे ॲपचा खर्च वजा जाता साडेपाच वर्षांत. नव्या इमारतीत फ्लॅटला एकच इनलेट, म्हणजे पाणी शिरायची एकच जागा असेल तर स्मार्टही दोन वर्षांत फिटतो, आणि मग तोच घ्यावा. जुन्या बांधकामात पाच-पाच इनलेट सापडतात. तिथे मी तरी हा विषय बंद करीन.

यांत्रिक मीटर स्वस्त आहे, पण त्याचं रीडिंग कोण घेणार? आमचे मीटर बसतील ते डक्टमध्ये, जिथे सध्या कबुतरांचं प्रसूतिगृह आहे. १९२ मीटर दर महिन्याला वाकून वाचायचे, वहीत उतरवायचे आणि मग वाद ऐकायचे. शिवाय टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात, त्याने आतली चाकं अडकतात. मीटरच्या आधी जाळी हवीच, आणि ती साफ करणारा माणूसही. बारीक ठिबक यांत्रिक मीटरला बरेचदा कळतही नाही. स्मार्ट मीटरमध्ये फिरणारा भाग नसलेले प्रकार मिळतात, रात्री दोन ते चार सतत पाणी वाहत असेल तर फोनवर सूचना येते, आणि मालक भाडेकरूचा वापर कुठूनही पाहू शकतो. मात्र बॅटरी संपली की काय, कंपनी गुंडाळली तर ॲपचं काय, हे लेखी विचारून घ्या. आम्हाला तिघांपैकी एकानेच उत्तर दिलं.

एक तक्रार आधीच ओळखून ठेवा, ती सर्वात वरच्या मजल्याची. त्यांच्या शॉवरला दाब मिळतो तो फक्त गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचा. मीटर त्यातलाही थोडा खातो. तिथे आधी एक मीटर लावून, गीझर चालू करून शॉवरची धार प्रत्यक्ष पाहा.

मीटर न बसवता मधला मार्ग म्हणजे माणशी आकारणी. खर्च शून्य. पण गावाहून आलेले सासू-सासरे किती दिवसांनी 'राहणारे' धरायचे, यावर आमच्याकडे एक अख्खी सभा गेली. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून वाटायला सांगितलंय, आणि बऱ्याच सोसायट्या तेही न करता सरळ सारखा भागाकार करतात. पद्धत बदलायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि ऑडिटरचं मत आधी घ्यावं. ठरावात दोन भाग ठेवा: पंपाची वीज, टाकी सफाई, मीटरची देखभाल हे सगळ्यांना सारखं, आणि फक्त टँकरचे पैसे मीटरप्रमाणे. नाहीतर परदेशी असलेल्या मालकाचं बिल शून्य येतं आणि त्याच्याही वाट्याची टाकी धुवायचे पैसे उरलेल्यांनी भरायचे.

आम्ही अजून काहीच विकत घेतलेलं नाही. मी सुचवलं की आधी इमारतीची गळती मोजू. खालच्या टाकीतून पाणी वर चढवणारा पंप रात्री साडेबाराला बंद केला, गच्चीवरच्या टाकीत पट्टी सोडून पातळी खडूने आखली आणि पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन पुन्हा चढलो. झोपलेल्या इमारतीने अकराशे लिटर पाणी पिलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी चमचाभर हळद वाटली: फ्लशच्या टाकीत टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका, कमोडमध्ये पिवळं उतरतं का पाहा. एकवीस घरांत उतरलं. रबरी वॉशर काही रुपयांना मिळतो. पुढच्या आठवड्यात रात्रीचा आकडा चारशेच्या खाली आला, आणि जून संपेपर्यंत रोजचा टँकर दोनावरून कधी कधी दीडावर यायला लागला. म्हणजे दोन दिवसांत तीन.

आता बी विंगच्या एका डक्टवर बारा यांत्रिक मीटर लावून दिवाळीपर्यंत रीडिंग घ्यायचं ठरलंय. एकावर एक असलेले चार फ्लॅट त्यात येतात, आजोबांचा आणि त्या मुलांचाही. ज्या एकवीस घरांत पिवळं उतरलं त्यांत आजोबांचं घर होतं. त्यांनी वॉशर स्वतः बदलला, मला बोलावून दाखवला आणि सभेत हे सांगू नका म्हणाले.