शेतातला वाटा: रब्बीत घ्यावा, पावसाळ्यात जपून

इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या कुटुंबाने भाजीसाठी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरावेत, ही कल्पना ऐकताक्षणी पटणारी नाही. चोइथराम मंडी जवळच आहे, सकाळी हातगाड्या दारावरून जातात आणि थंडीत तर मेथीच्या जुड्या अक्षरशः मातीमोल भावाने मिळतात. तरीही इंदूरजवळच्या महूच्या बाजूला शेती करणाऱ्या एका कुटुंबाने सुरू केलेल्या वाटा-पद्धतीत आम्ही सभासद झालो आणि आता रब्बी व खरीप असे दोन्ही हंगाम पाहून झाल्यामुळे तिच्याविषयी चार गोष्टी खात्रीने लिहिता येतील.

व्यवस्था साधी आहे. पेरणीच्या आधी हंगामाचे पैसे द्यायचे आणि त्याबदल्यात दर रविवारी सकाळी वसाहतीतील एका ठरलेल्या घरून आपली कापडी पिशवी उचलायची. पिशवीत काय असेल, हे शेत ठरवते, आपण नव्हे. जपानमध्ये १९७० च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने अशी पद्धत रुजली आणि अमेरिकेत १९८६ मध्ये पहिली शेते या तत्त्वावर चालू झाली. शेतकऱ्याला बियाण्यासाठी व मजुरीसाठी कर्ज काढावे लागू नये आणि पीक बुडाल्यास सगळा तोटा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे वाटेकऱ्याला जोखीमही वाटून घ्यावी लागते आणि ही अट ज्यांना मनापासून मान्य नसेल त्यांनी मंडीतच जावे, हे उत्तम.

रब्बीची पिशवी मात्र खरोखर देखणी असते. लसणाची हिरवी पात मुळांसकट येते आणि त्या मुळांना माळव्याची काळी, चिकट माती अशी धरून बसलेली असते की दोन-तीन पाण्यांनी धुतल्याखेरीज ती सुटत नाही. पण ती पात बारीक चिरून तेल-मिठाबरोबर गरम भाकरीवर घेतली की या कष्टाबद्दल कोणी तक्रार करत नाही. चाकवत, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, ओली हळद आणि पाल्यासकट मुळे हा माल हातगाडीवर क्वचितच एवढा ताजा दिसतो. मुळ्याचा पाला कोवळा असल्याने त्याची पीठ पेरून भाजी होते, चाकवत ताकात शिजतो. थंडी वाढली की गराडू हा माळव्यातला कंद येतो. सोलताना हाताला खाज सुटते म्हणून आधी तेल लावावे लागते; मग फोडी दोनदा तळून वर जिरावण हा इंदुरी मसाला आणि लिंबू घातले की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाण्याचे कारण उरत नाही. हे सगळे निवडण्यात रविवारची अर्धी सकाळ जाते, तेव्हा घरात निवडण्याचे काम ज्यांच्याकडे येते त्यांची संमती पैसे भरण्यापूर्वीच घ्यावी. आमच्या सासूबाईंनी ती दिली, पण पिशवीत पालक सलग तिसऱ्या रविवारी निघाला तेव्हा काढूनही घेतली होती.

भावाचा हिशेब स्पष्ट सांगायचा तर ऐन हंगामात ही भाजी मंडीपेक्षा महाग पडते. मटार, कोथिंबीर, मेथी, टोमॅटो यांचे भाव त्या काळात इतके उतरतात की तुलना करणेच चुकीचे ठरते. स्वस्ताईसाठी येथे कोणी येऊ नये. जास्तीचा पैसा कशासाठी जातो, हे पाहायचे असेल तर शेतावर जाऊन खताचे ढीग पाहावेत. शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती, राख आणि पिकांचे अवशेष थराथराने रचून, ठरावीक काळाने खालीवर करून सुमारे ३ महिन्यांत खत तयार करण्याची ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती येथील वनस्पती-उद्योग संस्थेत सिद्ध केली. महूजवळच्या शेतात तीच पद्धत आजही चालू असल्याचे पाहून इंदूरकराला थोडा अभिमान वाटल्यास तो क्षम्य मानावा. मात्र ‘सेंद्रिय’ या शब्दावर नुसता विश्वास ठेवू नये. पीजीएस-इंडिया या योजनेत गावातील शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासून हमी देतो. आपले शेत अशा गटात आहे का, असल्यास सेंद्रिय शेतीकडे रूपांतराच्या टप्प्यात आहे की ते पूर्ण झाले आहे, हे विचारावे आणि कागद पाहावा. आम्हाला तो न कुरकुरता दाखवण्यात आला.

थंडीच्या लाटेत एका रात्री दव गोठले, बटाट्याची पाने करपली आणि त्यानंतरचे बटाटे सुपारीएवढे आले. त्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण नुकसानीचे फोटो आणि उरलेल्या पिकाचा अंदाज सोमवारीच सर्वांना कळवला होता. तक्रार आहे ती पावसाळ्याची. काळी जमीन पाणी धरून ठेवते, झड लागली की शेतात पाय टाकता येत नाही आणि पालेभाज्या जागीच सडतात. माळव्यातील बहुतेक शेतकरी खरिपात सोयाबीनकडे वळतात, त्यामागे हेही एक कारण आहे. हे शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक असते. असे असूनही खरिपाच्या वाट्याचे पैसे रब्बीएवढेच घेतले गेले, आणि श्रावणात पिशवीत गिलकी, दुधी व मक्याची कणसे एवढेच येत राहिले. कणसांचा कीस उत्तम झाला, हे मान्य. पण गौरी-गणपतीच्या आठवड्यात, जेव्हा सोळा भाज्या जमवायच्या असतात, तेव्हा पिशवीच आली नाही आणि निरोप आला तो शनिवारी रात्री. पीक न येणे हा जोखमीचा भाग झाला. निरोप उशिरा देणे हा त्या जोखमीत मोडत नाही.

दसऱ्यानंतर नवी नोंदणी सुरू होते आणि चार माणसांपेक्षा लहान कुटुंबाला अर्धा वाटा मागता येतो, फक्त तो स्वतःहून मागावा लागतो, कोणी सुचवत नाही. आम्ही रब्बीचा पूर्ण वाटा पुन्हा घेतला आहे. खरिपाची रक्कम कमी होऊन महिन्या-महिन्याने भरण्याची सोय होईपर्यंत पावसाळ्यात मंडीतूनच भाजी आणू, असे त्यांना कळवले असून त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.