घोट्याचं ऑपरेशन, फक्त पायाला भूल: ब्लॉकला पाच स्टार, वॉर्डला दोन

पर्वती उतरताना आईचा पाय मुरगळला आणि घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं गेली, प्लेट टाकावीच लागणार होती. हॉस्पिटल कोथरूडमधलं, नाव मुद्दाम देत नाहीये कारण काही गोष्टी बऱ्या लिहिणार नाहीये.

आधी चांगलं. आईला शुगर, बीपी, आणि कमरेत इंजेक्शन म्हटलं की साफ नकार, सोसायटीतल्या निम्म्या बायकांची पाठ त्यानेच कायमची गेली असं तिचं ठाम मत (तसं नसतं, पण तिला कोण सांगणार). भूलतज्ज्ञ मॅडम आदल्या संध्याकाळी येऊन खुर्ची ओढून बसल्या, म्हणाल्या काकू, नर्व्ह ब्लॉक करू, फक्त गुडघ्याखालचा पाय झोपवू. पायाकडे जाणारी मोठी सायटिक नस गुडघ्याच्या मागे दोन फाट्यांत फुटते, तिथे एक इंजेक्शन, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला सॅफेनस नावाची वेगळी नस जाते म्हणून मांडीत दुसरं. अंगठ्या-बोटांचंच काम असेल तर म्हणे घोट्याभोवतीच पाच नसा बधिर करून भागतं. सगळं सोनोग्राफी मशीनवर नस बघत बघत. ब्लॉक चढायला अर्धा तास लागला असेल, मग स्पिरिटचा बोळा लावून "गार लागतंय का काकू" असं चारदा विचारलं, लागत नाही म्हटल्यावरच आत नेलं. ड्रिलचा आवाज आईला ऐकू येत होता, दुखलं काहीच नाही. ना उलटी, ना डोकेदुखी, ना लघवी अडकली, बाहेर आल्यावर थोड्या वेळात चहा मागितला, मी तर बघतच राहिलो.

आता वॉर्ड. हा ब्लॉक औषधाप्रमाणे साधारण १२ ते २४ तास टिकतो आणि उतरतो तेव्हा दुखणं एकदम उसळतं, म्हणून तो उतरायच्या आधीच वेदनाशामक सुरू करायचं असतं, हे आम्हाला मॅडमनी सांगितलं होतं, फाइलवरही लिहिलं होतं. पण रात्रीच्या सिस्टरचं म्हणणं एकच, पेशंट दुखतंय म्हणत नाहीये तर गोळी कशाला. पहाटे ब्लॉक उतरला आणि आई अक्षरशः किंचाळली, तेव्हा कुठे धावाधाव. त्याआधी पाय बधिर असताना तिला एकटीला बाथरूमला जा म्हणणाऱ्या मावशी वेगळ्याच, पाऊल उचलता येत नाही त्या पायाने माणूस चालणार कसा? मी जागा होतो म्हणून धरलं.

बिलात ब्लॉकचे चार्जेस वेगळे लावलेत, एस्टिमेटमध्ये नव्हते, कॅशलेसमध्येही बसले नाहीत. आधीच लेखी मागून घ्या.

डायबेटिसने तळपाय आधीच बधिर असतील किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. आणि ब्लॉक असताना प्लास्टर घट्ट झालं तरी कळत नाही, बोटांचा रंग आपणच अधूनमधून बघायचा, रात्री कोणी बघायला येत नाही तिथे.